रंग बदलू नका, जागा बदला

यंदा फेब्रुवारीत एक गंमत झाली. म्हणजे आधी गंमत वाटली, मग राग आला, आणि तो राग अजून उतरलेला नाही म्हणून आज लिहायला बसलो आहे.

झालं असं की एका शाळेच्या दहावीच्या निरोप समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. (शाळेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे थोड्याफार फरकाने सगळीकडेच होतं.) भाषणं झाली. माझंही झालं, जरा लांबलंच. मग सगळ्यांना मैदानात ग्रुप फोटोसाठी नेलं. घड्याळात पाऊण वाजला होता. मुलांच्या अंगात पांढरेशुभ्र शर्ट, तोंडासमोर ऊन, आणि फोटोग्राफर ओरडतोय, "डोळे उघडे ठेवा, डोळे उघडे ठेवा!" पोरं बिचारी डोळे उघडत होती आणि मिटत होती. माझ्या डोळ्यांतून तर पाणीच आलं. निरोपाचं नव्हे, उन्हाचं.

संध्याकाळी तो फोटो मोबाईलवर आला. बघतो तर काय, सगळे गोरे! चाळीस मुलंमुली, सहा शिक्षक, आणि मधल्या खुर्चीवर मी, सगळे एकाच पिठात घोळून काढल्यासारखे. माझ्या गालावरच्या सुरकुत्या गायब. बाजूला बसलेल्या शिपाईमामांचा रंग तर असा की त्यांच्या घरच्यांनी ओळखलं असेल का याची मला शंका आहे. पुतण्याने लगेच लिहिलं, "नाना, काय फ्रेश दिसताय!" अरे बाबा, सत्तरी ओलांडली मी. हा काळासावळा रंग मी जन्मापासून वापरतो आहे, त्याची कधी तक्रार नव्हती. तो कुणी, कुणाला विचारून पुसला?

फोटोग्राफरला फोन केला तर तो म्हणाला, "सर, उन्हामुळे चेहरे फार काळे आले होते, म्हणून थोडे उजळ केले."

हे वाक्य नीट वाचा. उन्हामुळे चेहरे काळे आले. माझं भांडण याच वाक्याशी आहे. उन्हामुळे चेहरे काळे येत नाहीत. आपण चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी माणसाला उभं करतो म्हणून येतात. आणि मग आपली चूक झाकण्यासाठी आपण माणसाचा रंग बदलतो. म्हणजे पेपर तपासता आला नाही म्हणून विद्यार्थ्याची वहीच नवीन लिहून टाकण्यासारखं आहे हे.

कुणी म्हणेल, एवढ्या तेवढ्यावरून काय चिडायचं, एक फोटो तर आहे. त्यांच्यासाठी एक जुनी हकिगत सांगतो.

माझा एक विद्यार्थी होता, १९९६ च्या दहावीच्या वर्गातला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. हुशार नव्हता, पण फार कामसू. पुढे शेती करू लागला. २००९ साली विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. महिन्याभराने त्याची आई माझ्या घरी आली. हातात शाळेचा दहावीचा ग्रुप फोटो होता. लग्नाचे फोटो काढलेले नव्हते, आधारकार्ड वगैरे तेव्हा यायचं होतं. मोठा करून भिंतीवर लावता येईल असा मुलाचा एवढाच फोटो. दुसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा. नखाएवढा चेहरा. आणि त्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली काळा डाग, कपाळ मात्र चकाकतंय. भर दुपारी काढलेला फोटो, दुसरं काय होणार!

मी तो फोटो घेऊन एका स्टुडिओत गेलो. त्यांनी चार दिवसांनी मोठा करून दिला. डोळे दिसत नव्हते म्हणून डोळे रंगवले होते. चेहरा काळा होता म्हणून गोरा केला होता. वरून कोट आणि टाय चढवला होता, मागे निळं आभाळ. त्या माऊलीने तो फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "हाऊ मना आंडोर नही शे, गुरुजी."

हा माझा मुलगा नाही.

तिने तो नेला नाही. तिच्या घरी आजही तो जुना ग्रुप फोटोच लावलेला आहे. त्यात तो कुठे आहे हे तिला शोधावं लागत नाही, पण नातवाला मात्र बोट ठेवून दाखवावं लागतं, आणि दाखवून तरी काय दाखवणार? बापाचे डोळे कसे होते ते त्या पोराला कधीच कळणार नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायला मला बरीच वर्षं लागली. तो १९९६ चा फोटो साडेबारा वाजता काढायचा हे कुणी ठरवलं होतं? मीच ठरवलं होतं. समारंभाचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचं भाषण, आभार, आणि सगळ्यात शेवटी जो वेळ उरेल त्यात फोटो. तीस-पस्तीस वर्षं मी अशीच वेळापत्रकं केली. भाषणं कुणाच्याही लक्षात राहिली नाहीत (माझी तर नाहीच नाही), फोटो मात्र राहिले. म्हणजे जे टिकणार होतं त्याला मी सगळ्यात वाईट वेळ दिली, आणि जे हवेत विरणार होतं त्याला सकाळचं कोवळं ऊन दिलं. त्यामुळे या लेखातला पहिला आरोपी मी आहे, फोटोग्राफर नंतर.

फोटो टिकतो यावरून आठवलं. भुसावळला मेजर रॉबर्ट गिल याची कबर आहे. १८४४ साली त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं, आणि त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं त्यात घातली. ती मोठी तैलचित्रं लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळून खाक झाली. पण त्याच गिलने कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांचे त्याने काढलेले फोटो १८६४ साली पुस्तकरूपाने छापले गेले होते, ते राहिले. १८७९ मध्ये तो गेला. इतक्या वर्षांची रंगांची मेहनत गेली आणि उन्हाने उमटवलेले कागद उरले. फोटो ही "एवढी तेवढी" गोष्ट नाही मंडळी. कधीकधी मागे तेवढंच उरतं.

बरं, आता उन्हाकडे वळू. आपल्या खानदेशातल्या लोकांना आपल्या उन्हाचा अभिमानही आहे आणि त्याच्यावर रागही. मे महिन्यात जळगावला पंचेचाळीस अंश झाले की आपण मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना ते अगदी कौतुकाने सांगतो. पण फोटोची वेळ आली की हेच ऊन आपल्याला खलनायक वाटतं. ऊन खलनायक नाही. ऊन हा अतिशय नियमित विद्यार्थी आहे, रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येतो. आपणच वर्गावर उशिरा जातो.

"सूर्य पाठीशी घ्या आणि फोटो काढा" हा नियम माझ्या पिढीच्या डोक्यात पक्का बसला आहे. माझ्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्या साध्या कॅमेऱ्यांना आणि तेव्हाच्या मंद फिल्मना भरपूर उजेड लागायचा, म्हणून सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर, हा सल्ला सरसकट दिला जायचा. तो नियम कॅमेऱ्याच्या सोयीचा होता, माणसाच्या सोयीचा कधीच नव्हता! माणसाने डोळे बारीक करायचे, कपाळाला आठ्या घालायच्या आणि वर हसायचं. आज खिशातला मोबाईल संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या माणसाचाही फोटो काढतो. कॅमेरे बदलले, नियम मात्र तसाच. आपल्याकडे कायद्यांचं होतं तेच.

मग काय करायचं? माझा एकच साधा नियम आहे, आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. मैदानात उभं राहा आणि आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर फोटो काढा. आखूड असेल तर उन्हातून निघा आणि सावलीत जा. झालं.

यामागचं गणित सातवीच्या मुलालाही समजेल. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असला की सावली उंचीएवढी पडते. त्याहून वर गेला की सावली आखूड होते आणि उजेड वरून पडायला लागतो. भुवयांची सावली डोळ्यांवर, नाकाची ओठांवर, टोपीची सगळ्या तोंडावर. त्याहून खाली असला की उजेड बाजूने किंवा समोरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत शिरतो.

आता आपल्या जळगाव-धुळ्यासाठी हिशेब करू. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य साधारण ४५ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे जवळपास दिवसभर सावली आपल्याएवढी किंवा जास्तच. स्नेहसंमेलनं डिसेंबरात घेता ना? मग त्याच दिवशी फोटो काढून टाका की! फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र सकाळी साडेदहानंतर सावली आखूड होते ती दुपारी पावणेतीनपर्यंत. मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारासच ऊन हाताबाहेर जातं आणि साडेतीन-पावणेचारला परत येतं. मेच्या २४-२५ तारखेच्या आसपास तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. आणि हो, आपल्याकडे सूर्याचे बारा घड्याळात बाराला वाजत नाहीत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. आपण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ सात अंश, दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपली खरी दुपार बारा वाजून गेल्यावर दहा ते पंचेचाळीस मिनिटांनी होते, महिन्याप्रमाणे मागेपुढे. फेब्रुवारीत ती पाऊण वाजण्याच्या जरा आधी होते. तेव्हा "बारा वाजून गेले, आता ऊन उतरलं" असं म्हणून साडेबाराला मुलांना मैदानात काढणारे मुख्याध्यापक त्यांना नेमके दिवसातल्या सगळ्यात उंच सूर्याखाली उभे करतात. माझ्यासारखे.

हे सगळं मी काही नवीन सांगत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सावलीच्या गणितावर एक अख्खं प्रकरण आहे, छायाव्यवहार नावाचं. आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख सापडलेला आहे. त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे सावली मोजायची विद्या शिकवायची सोय आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात होती! आणि आज आपण पाटणादेवीच्या त्याच परिसरात जाऊन देवळाच्या कोरीव कामाचे फोटो भर दुपारी काढतो आणि म्हणतो, "नक्षी काही नीट येत नाही." कशी येईल? उजेड बाजूने, तिरका आला तरच कोरलेल्या रेषेत सावली बसते आणि नक्षी उठून दिसते. उजेड समोरून अंगावर घेतला की कोरलेला दगड आणि सपाट दगड सारखाच. लळिंगच्या किल्ल्याचंही तेच. सकाळी त्याच्या तटबंदीचा एकेक दगड मोजून घ्यावा, दुपारी नुसता तपकिरी डोंगर.

काही जण म्हणतील, शाळेचा कार्यक्रम आहे, वेळ आमच्या हातात नसते, पाहुणे उशिरा येतात. मान्य. मग जागा बदला. जागा नक्की तुमच्या हातात आहे. शाळेचा व्हरांडा बघा. वर छत, समोर मोकळं आकाश. तिथे मुलांना कडेशी, तोंड बाहेर करून उभं करा. सूर्य म्हणजे आकाशात अर्ध्या अंशाचं एवढंसं बिंब, त्याच्यापासून निघालेला उजेड सुरीने कापल्यासारख्या सावल्या पाडतो. पण मोकळं आकाश हा केवढा मोठा दिवा आहे! त्याचा उजेड सगळीकडून येतो, गालावरून हात फिरवल्यासारखा पडतो. डोळे मिटत नाहीत, आठ्या पडत नाहीत. समोरच्या मैदानावर ऊन पडलेलं असेल तर त्याची खालूनही थोडी साथ मिळते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांची ओसरी म्हणजे असा तयार स्टुडिओच. आमच्या घरात माझ्या आजीचा एकच फोटो आहे, ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली. कुणी काढला माहीत नाही. हातावरचं गोंदण मोजता येतं त्यात.

फक्त सावली निवडताना डोळे उघडे ठेवा. निंबाखाली उभं केलं तर पानांतून ऊन गळतं आणि चेहऱ्यावर कवडसे पडतात, एक गाल पांढरा, एक काळा. केळीच्या बागेत फोटो काढायची तर आपल्याकडे फार हौस, पण बागेच्या आत गेलात की पानांमधून गाळून आलेला हिरवा उजेड तोंडावर पडतो, आणि नवरदेव कावीळ झाल्यासारखा दिसतो :) बागेच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभे राहा, आणि मागे केळीची पानं उन्हात उजळू द्या. मग बघा काय हिरवं दिसतं ते! आणि ऊन टाळता येतच नसेल तर ते माणसाच्या पाठीवर घ्या, तोंडावर नको, आणि समोरून कुणाला तरी पांढरी चादर धरायला सांगा. पूर्वी अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत आरशाने आणि पांढऱ्या कापडाने ऊन आत पाडून चित्रं दाखवत असत. ज्याला दोन हजार वर्षांपूर्वीची चित्रं दिसली, त्या उजेडात तुमची दहावी 'अ' दिसणार नाही का?

चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. जन्म १९१२, मृत्यू १९८९. हा माणूस आयुष्याची कितीतरी दशकं चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या आणि त्यांच्यावर असा उजेड टाकायचा की फोटोत अख्खा देखावा उभा राहावा, ही टेबलटॉप फोटोग्राफी त्यांनी केली आणि देशविदेशात नाव मिळवलं. चाळीसगाव स्टेशनजवळचं त्यांचं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. न पाहिलेल्यांनी पाहून या. चार भिंतींत राहून ज्याला उजेड कळला तो माणूस आपल्या जिल्ह्यातला, आणि बाराही महिने मोकळ्या आकाशाखाली फिरणारे आपण त्याच जिल्ह्यातले. लाज वाटते कधीकधी.

आता रंगाकडे येतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

पांढरा शर्ट आणि सावळा चेहरा एकाच उन्हात उभे असले की शर्ट अंगावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकतो, चेहरा त्यातला थोडाच. आपला डोळा दोन्ही सांभाळतो. कॅमेऱ्याला तेवढं जमत नाही. त्यातून त्याला शिकवलेलं असतं की जग सरासरी करडं असतं. चाळीस पांढरे शर्ट दिसले की तो घाबरतो आणि सगळंच अंधारं करतो. शर्ट वाचतो, चेहरा जातो. यावर उपाय चेहरा नंतर पांढरा करणं हा नाही. कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा, मला शर्ट नको, माणूस हवा. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवलं की बहुतेक फोन त्या चेहऱ्याप्रमाणे उजेड ठरवतात. शर्ट थोडा फिका पडला तर पडू द्या. शर्टाची आई येणार नाही फोटो मागायला.

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड देत असे, शर्ली कार्ड म्हणत त्याला. तिचा रंग बरोबर आला की सगळं बरोबर. मग काळ्या मुलांचे शाळेतले फोटो कसेही येवोत! गोऱ्या मुलांशेजारी उभं राहिलेलं काळं पोर म्हणजे नुसते दात आणि डोळे. असं सांगतात की फिल्म सुधारायला हवी हे कंपनीच्या लक्षात आलं ते लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. त्यांच्या मालाचे गडद रंग नीट येत नव्हते म्हणून. माणसांच्या चेहऱ्यासाठी नाही, टेबलखुर्च्यांसाठी!

आपली मात्र त्याहून कमाल. आपल्याला फिल्मने सांगायची गरजच पडली नाही. गोरेपणाचं क्रीम आपल्याकडे १९७५ पासून होतंच. २०२० साली त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द निघाला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण क्रीम निदान पोरगी आपल्या हाताने लावत होती. आता फोनमधली सोय न विचारता परस्पर लावून मोकळी होते. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल मुलांचे, उन्हातान्हात कापूस वेचणाऱ्या बायकांच्या लेकींचे चेहरे आपण समारंभाच्या फोटोत गोरे करतो, तेव्हा आपण त्यांना काय सांगत असतो? की बाळांनो, तुम्ही आहात तसे भिंतीवर लावण्याजोगे नाही. मग वर्गात आम्ही शिक्षकांनी समतेचा धडा कितीही रंगवून शिकवला तरी काय उपयोग? एका बोटाच्या टिचकीत तो पुसला जातो.

"पण सर, लोकांनाच गोरं व्हायचं असतं, गिऱ्हाईक मागतं तेच आम्ही देतो," असं तो फोटोग्राफर मला म्हणाला. त्याचंही खोटं नाही. दिवसात तीन शाळा करायच्या, पैसे बेताचे, पाहुणे उशिरा. त्याच्यावर मी फार रागावत नाही. पण एक प्रयोग मी त्याला करायला लावला. दुसऱ्या दिवशी त्याला घरी चहाला बोलावलं, संध्याकाळी पाच वाजता. ओट्यावर माझा फोटो काढ म्हटलं, पुढे ऊन उतरलेलं अंगण, मागे उघडं दार. काही उजळ करायचं नाही, काही पुसायचं नाही. त्याने काढला. आम्ही दोघांनी पाहिला. काळाच आहे मी त्यात. पण कपाळावर उजेड आहे, डोळ्यांत आकाशाचा छोटा तुकडा आहे, आणि सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी आहेत, हजेरीपटासारख्या. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, हा चांगला आहे." माझं म्हणणं एवढंच आहे. लोकांना गोरं व्हायचं नसतं, लोकांना चांगलं दिसायचं असतं. चांगलं दिसण्यासाठी उजेड लागतो, तो आपण देत नाही, म्हणून ते रंग मागतात.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. तो म्हणतो, आता फोन चारपाच फोटो एकदम काढून एकत्र करतो, ऊन-सावली सगळं सांभाळतो, तुमच्या सावल्या मोजायचे दिवस गेले. फोन पुष्कळ करतो, नाकारत नाही. पण मिटलेला डोळा तो उघडू शकत नाही. आठी घातलेल्या कपाळाची आठी पुसेल, पण मग ते कपाळ त्या माणसाचं राहणार नाही. चुकीच्या जागी उभ्या केलेल्या माणसाला योग्य जागी नेणं हे फोनचं काम नाही, फोन धरणाऱ्याचं आहे. आणि त्याला पैसे लागत नाहीत. चार पावलं चालावं लागतं.

असो. राग बराच ओकून झाला. आता शिक्षकाच्या सवयीप्रमाणे थोडा गृहपाठ देतो. जे शिक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक हे वाचतील (आमच्या नात्यातच चार आहेत, त्यांनी तर वाचाच!) त्यांनी पुढच्या निरोप समारंभाचं वेळापत्रक करताना फोटो सगळ्यात आधी ठेवावा, नऊ-साडेनऊला, पाहुणे आले नसतील तर त्यांच्याशिवाय. पाहुण्यांचे फोटो पुष्कळ असतात. मुलांपैकी एखाद्याचा तोच एक असतो. बाकीच्यांनी या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ओट्यावर, गॅलरीत, दारात, कुठेही मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावं आणि एक फोटो काढावा. काही न पुसता. आणि त्याचा एक कागदावर काढून ठेवावा.

त्या माऊलीकडे मी गेल्या दिवाळीत जाऊन आलो. तिचा नातू आता वयात आला आहे, मिसरूड फुटलंय. शेतातून आला होता, घामेजलेला, बापासारखाच काळा. ऊन कलतं होतं. मी त्याला दारात बसवलं, फोन काढला, चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि फोटो घेतला. आजीला दाखवला. तिने फोन जवळ धरला, लांब धरला आणि त्याच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं. मोठी होऊन डोळेच पडदाभर झाले.

"हाऊ मना शे," म्हणाली.

कुणाबद्दल म्हणाली, नातवाबद्दल की दुसऱ्या कुणाबद्दल, मी विचारलं नाही.